सिंहाच्या घरात कोण कोण असतं? मुलांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सिंहाचं चित्र दिसलं की मुलं आधी डरकाळी फोडून बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही एका ओळीत संपतात. वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांसाठी एक सांगायचं आहे. "नवे सिंह आले तर छाव्यांचं काय होतं?" हा प्रश्न आधी स्वतः वाचा आणि तुमच्याकडचं मूल केवढं आहे ते बघून ठरवा.

सिंह एकटा राहतो का?

नाही. वाघ एकटा राहतो, बिबट्या एकटा राहतो, रानमांजरही एकटंच हिंडतं. मांजराच्या कुळातले बहुतेक सगळे असेच, आपलं आपण बघणारे. सिंह मात्र घर करून राहतो. सिंहांच्या कुटुंबाला आपण कळप म्हणतो. हरणांचाही कळपच असतो, पण हरणांच्या कळपात आज एक येतं, उद्या दुसरं जातं. सिंहांच्या कळपात कोण आपलं आणि कोण परकं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

मग या कळपात कोण कोण असतं?

आजी, आई, मावश्या, मावसबहिणी आणि सगळ्यांची पिल्लं. त्यांच्याबरोबर एक ते तीन-चार मोठे नर.

यातली गंमत अशी की सिंहीण सहसा माहेर सोडत नाही. ती ज्या कळपात जन्मते, तिथेच वाढते, तिथेच तिला पिल्लं होतात आणि तिथेच ती म्हातारी होते. तिची आई तिथेच, बहिणी तिथेच, लेकीही तिथेच. नर मात्र बाहेरून आलेले असतात. म्हणजे सिंह हा चक्क घरजावई! तोही कायमचा नाही, बहुधा दोन-तीन वर्षांपुरता.

कळप फारच वाढला तर काही तरुण बहिणी मिळून शेजारीच वेगळं बिऱ्हाड थाटतात. पण तेव्हाही एकटीदुकटी जात नाही, दोघी-तिघी बरोबर निघतात.

सिंहाला मामा, काका, आत्या असतात का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर शोधताना सिंहांचं सगळं घर समजून जातं.

मावशी तर असतेच, एक नाही, चांगल्या तीन-चार. काकाही असतो, कारण कळपात आलेले नर पुष्कळदा सख्खे किंवा चुलत भाऊ असतात. एक बाबा, बाकीचे काका. आत्या मात्र कधी भेटत नाही. आत्या म्हणजे बाबांची बहीण, आणि ती तिच्या माहेरी, म्हणजे बाबांच्या जुन्या कळपात, कुठेतरी लांब असते. मामाही भेटत नाही, कारण तो मोठा होऊन कधीच घराबाहेर पडलेला असतो.

एक अपवाद आहे. आजीला आणि आईला एकाच वेळी पिल्लं झाली, तर आजीचा छावा हा आईच्या छाव्याचा मामा लागतो. मामा आणि भाचा दोघंही एवढेएवढे, एकमेकांचे कान चावत लोळत असतात!

एका कळपात किती सिंह असतात?

ठरलेलं नाही. आठ-दहा असतात, पंधरा असतात, एखाद्या मोठ्या कळपात तीसही भरतात. भरपूर हरणं, झेब्रे आणि पाणी असेल तिथे जास्त तोंडांना पुरतं. जिथे शिकार विरळ, तिथे कळपही छोटा.

हे सगळे दिवसभर एकत्रच असतात का?

छे! सगळा कळप एका जागी दिसणं हा दुर्मीळ योग. आज तिघी नदीकाठी, दोघी टेकडीपलीकडे, नर आणखी तिसरीकडे. चार दिवसांनी भेटतात, पुन्हा पांगतात. पण भेटल्यावर जे काही चालतं ते बघण्यासारखं असतं. दोघी समोरासमोर येतात, हळू आवाजात हुंकारतात आणि एकमेकींच्या कपाळाला कपाळ, गालाला गाल घासतात. घासता घासता एकीचं सगळं अंग दुसरीवर रेलतं, शेपटी तिच्या पाठीवर पडते, आणि कधी कधी दोघीही तशाच धप्पकन खाली लोळण घेतात. घरातली मांजर पायाला अंग घासते ना, तेच हे. फक्त इथली मांजर सव्वाशे किलोची आहे.

असं घासल्याने एकमेकींचा वास अंगाला लागतो. सगळ्या घराचा मिळून एक वास तयार होतो.

कळपाचा राजा कोण? नर सिंहच ना?

गोष्टींमध्ये तोच. आयाळ, गर्जना, ऐट, सगळं राजासारखं. पण खऱ्या कळपात राजा नसतो, आणि राणीही नसते. लांडग्यांमध्ये किंवा माकडांमध्ये कोण वरचा, कोण खालचा हे ठरलेलं असतं. सिंहिणींमध्ये तसं नाही. एकच मोठी सिंहीण पिल्लं घालणार आणि बाकीच्या तिची चाकरी करणार, असा प्रकार तिथे नाही. प्रत्येकीला पिल्लं होतात, प्रत्येकीचा पंजा सारखाच धारदार, त्यामुळे कुणी कुणाला फार दटावू शकत नाही.

आणि घर कुणाचं म्हणाल, तर ते बायकांचंच. नर येतात आणि जातात. जमीन, पाणवठे आणि लपायच्या जागा पिढ्यान् पिढ्या आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येतात.

सिंह गुहेत राहतात का?

नाही, ती गोष्टीतली गुहा. सिंह उघड्यावर, गवतात, झाडाच्या सावलीत किंवा मोठ्या खडकावर पडलेले असतात. मात्र त्यांचा एक ठरलेला मुलूख असतो. शिकार भरपूर असेल तर 20-25 चौरस किलोमीटर पुरतात, नाहीतर 400 चौरस किलोमीटरही कमी पडतात. मुलखाच्या सीमेवर ते वास सोडून ठेवतात, जणू घराची पाटीच लावली.

छावा जन्मतो तेव्हा केवढा असतो?

सिंहाच्या पिल्लाला छावा म्हणतात. आईच्या पोटात तो साधारण 110 दिवस असतो. जन्मतो तेव्हा त्याचं वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे माणसाच्या तान्ह्या बाळाहूनही कमी! डोळे मिटलेले, पाय लटपटते. एका वेळी बहुधा दोन ते चार छावे होतात. काही दिवसांत डोळे उघडतात. ते आधी निळसर असतात आणि पुढे दोन-तीन महिन्यांत पिवळसर तपकिरी होतात.

बाळंत व्हायची वेळ आली की आई एकटीच कळपापासून दूर जाते. दाट झुडूप, खडकांमधली खबदाड, उंच गवत, अशी जागा शोधते. पहिले सहा ते आठ आठवडे छाव्यांना तिथेच लपवून ठेवते. कळपातल्या कुणालाच ती ते दाखवत नाही, बहिणीलाही नाही!

तिला शिकारीला तर जावंच लागतं. मग ती गेली की छावे चिडीचूप पडून राहतात. आणि जागेला फार वास यायला लागला, म्हणजे तरस किंवा बिबट्याला पत्ता लागेल असं वाटलं, की ती घर हलवते. मानेवरची सैल कातडी दातांत अलगद धरून ती एका छाव्याला उचलते. ज्या दातांनी ती झेब्रा लोळवते, त्याच दातांत छावा पाय पोटाशी घेऊन, शेपटी आत वळवून, गुमान लोंबकळत असतो. त्याला ठेवून ती परत येते, दुसऱ्याला नेते, पुन्हा येते. तीन छावे असले तर तीन खेपा.

छाव्यांच्या अंगावर ठिपके का असतात?

ऊन-सावलीच्या कवडशांत ते दिसू नयेत म्हणून. वाढत्या वयाबरोबर ठिपके पुसट होत जातात. एखाद्या मोठ्या सिंहिणीच्या पोटावर आणि पायांवर नीट पाहिलं तर उरलेसुरले दिसतात.

आई शिकारीला गेली की छाव्यांना कोण सांभाळतं?

छावे दीड-दोन महिन्यांचे झाले की आई त्यांना घेऊन कळपात येते. तोवर बहुधा तिच्या बहिणींनाही पिल्लं झालेली असतात, कारण एका कळपातल्या सिंहिणी पुष्कळदा मागेपुढे थोड्याच दिवसांच्या अंतराने बाळंत होतात. मग सगळ्या जणी आपापली पिल्लं एकत्र वाढवतात. पाळणाघरच म्हणा ना. फरक एवढाच की इथे पाळणाघर चालवणाऱ्या सगळ्या स्वतःच आया आहेत.

इथे आणखी एक गंमत घडते. भूक लागलेला छावा मावशीचंही दूध पितो! आई दूर आहे, मावशी आडवी पडली आहे, मग हा हळूच जाऊन लुचायला लागतो. मावशी जागी असेल तर बरेचदा गुरगुरते, पंजाने बाजूला सारते किंवा उठून दुसरीकडे जाऊन पडते. तिलाही तिच्या पिल्लांची काळजी असतेच. पण ती गाढ झोपली असेल तर छाव्याचं फावतं. ज्या मावशीला एकच पिल्लू आहे किंवा जी अगदी सख्खी आहे, ती जास्त चालवून घेते. म्हणजे मावशी प्रेमळ आहे, पण भोळी नाही.

दूध साधारण सहा-आठ महिन्यांपर्यंत चालू असतं. तीन महिन्यांचे झाले की छावे मांसाची चव घ्यायला लागतात.

छावे दिवसभर काय करतात?

झोपतात, लुचतात आणि दंगा करतात. सगळ्यात आवडतं खेळणं म्हणजे मोठ्यांच्या शेपटीचा गोंडा. मांजराच्या कुळात शेपटीला असा काळा गोंडा फक्त सिंहालाच असतो, आणि छाव्यांना वाटतं तो आपल्यासाठीच लावला आहे. आई डोळे मिटून पडलेली असते. गोंडा डावीकडे पडतो, छाव्याचे कान ताठ होतात. तो पोट जमिनीला टेकवतो, मागचा भाग हलवत नेम धरतो, उडी मारतो, आणि तेवढ्यात गोंडा उजवीकडे गेलेला असतो. छावा तोंडावर आपटतो. उठतो आणि पुन्हा दबा धरतो.

हा खेळ वाटतो तितका फुकटचा नाही. दबा धरणं, अंतर जोखणं, झडप घालणं हे सगळं इथेच गिरवलं जातं. वर्षाचा झाला की छावा मोठ्यांबरोबर शिकारीत लुडबुड करायला लागतो. सुरुवातीला मदतीपेक्षा गोंधळच जास्त! स्वतःचं पोट स्वतः भरायला मात्र दोन वर्षं लागतात.

बाबा सिंह काय काम करतो? तो नुसताच झोपतो ना?

असं सगळेच म्हणतात आणि बिचाऱ्यावर थोडा अन्याय होतो. त्याचं काम राखणदाराचं. परके नर मुलखात घुसू नयेत म्हणून तो सीमेवर फिरतो, वास सोडतो, रात्री गर्जना करतो आणि वेळ आली तर जीव पणाला लावून लढतो. तो आहे म्हणून छावे निर्धास्त असतात.

शिकार तो अजिबात करत नाही हेही खरं नाही. आफ्रिकेतल्या रानरेड्यासारखं भलंमोठं जनावर पाडायचं तर त्याचं वजन कामी येतं. मोठा नर दीडशे ते अडीचशे किलोचा असतो. दाट झाडीत दबा धरून तो एकटाही शिकार करतो.

छाव्यांशी मात्र त्याचं वागणं तऱ्हेवाईक. छावे आयाळीत शिरतात, कान ओढतात, तो थोडा वेळ सोसतो आणि मग दात दाखवून असा फिस्कारतो की सगळे चारी दिशांना पळतात. दोन मिनिटांनी परत हजर.

सिंहाला आयाळ कशासाठी असते?

टांझानियातल्या सेरेंगेटीमध्ये पेटन वेस्ट आणि क्रेग पॅकर या अभ्यासकांनी हे शोधायला एक मजेदार युक्ती केली. त्यांनी सिंहाएवढे मोठे बाहुले बनवून घेतले. एकाला काळपट आयाळ, दुसऱ्याला फिकी. एकाला लांब, दुसऱ्याला आखूड. दोन बाहुले माळावर उभे केले आणि सिंह कुणाकडे जातात ते पाहिलं. सिंहिणी काळपट आयाळवाल्याकडे गेल्या. नर मात्र काळपट किंवा लांब आयाळवाल्याला टाळून दुसऱ्याकडे वळले. गडद आयाळ म्हणजे "मी धडधाकट आहे, पोटभर खातो आणि लढाईत सहसा हरत नाही" अशी जाहिरातच असते. 2002 साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

नराच्या छाव्याला आयाळ फुटायला वर्षभर लागतं. आधी मानेवर थोडे विस्कटलेले केस येतात. चार-पाच वर्षांचा झाला की भरदार आयाळ.

शिकार कशी करतात? सगळे मिळून का?

कधी सगळ्या मिळून, कधी एकटी. नामिबियातल्या एटोशाच्या उघड्या माळावर फिलिप स्टँडर यांनी सिंहिणींच्या शिकारी बारकाईने पाहिल्या. तिथे काही सिंहिणी लांबून वळसा घालून दोन्ही बाजूंनी येतात आणि काही मध्ये दबून बसतात. बाजूच्यांनी हुसकावलं की हरिण नेमकं मधल्यांच्या तोंडी जातं. आणि प्रत्येकीची जागा बहुधा ठरलेली. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू कोपराच धरतो, तसं.

पण दर वेळी इतकी शिस्त असते असं समजू नका. शिकार सोपी असली तर एकटीच धावते आणि बाकीच्या बसून बघतात. एकीने केलं तर पोट सगळ्यांचंच भरणार आहे! आणि धावूनही यश मिळतंच असं नाही. चारदा झडप घातली तर तीनदा तरी सिंहीण पंजे हलवत परत येते. ती ताशी 50-60 किलोमीटर वेगाने सुटते खरी, पण लगेच दमते. म्हणून तर तिला शक्य तितकं जवळ सरकत जावं लागतं. अंधार तिच्या सोयीचा; चांदण्या रात्री सावज तिला लांबूनच पाहतं.

"सिंहाचा वाटा" म्हणजे काय?

सगळ्यात मोठा वाटा. हे मात्र खऱ्या सिंहांना लागू पडतं. शिकार सिंहिणींनी केली तरी नर येतो, बाकीच्यांना बाजूला सारतो आणि आधी खातो. मग सिंहिणी, आणि सगळ्यात शेवटी छावे. एका बैठकीत मोठा सिंह 30 किलोहून जास्त मांस खाऊ शकतो. मग दोन-तीन दिवस नुसता लोळतो.

जेवताना घरातला सगळा गोडवा संपतो. गुरगुर, चापट्या, ओढाताण. शिकार मोठी असेल तर छाव्यांना काहीतरी उरतं, लहान असेल तर उपास. कधी कधी नरच छाव्यांना आपल्या शेजारी खाऊ देतो आणि सिंहिणींना मात्र जवळ येऊ देत नाही, असंही अभ्यासकांनी पाहिलं आहे.

सिंह एकमेकांशी कसे बोलतात?

आई छाव्यांना अगदी हळू हुंकारून बोलावते, छावे म्याऊसारखा बारीक आवाज काढतात. राग आला की गुरगुरणं, फिस्कारणं. आणि लांबच्यांशी बोलायचं तर गर्जना! शांत रात्री ती आठ किलोमीटरवर ऐकू जाते. ती सुरू होते हळू, मग मोठी होत जाते आणि शेवटी धापा टाकल्यासारखे छोटे छोटे हुंकार येत विरते. एकाने सुरू केली की दुसरा सूर धरतो, मग तिसरी. छावेही मध्येच बारीक आवाजात "आम्हीपण, आम्हीपण" करतात, पण खरी गर्जना जमायला वर्षाहून जास्त लागतं.

सिंहांना मोजता येतं का?

एक-दोन-तीन म्हणता येत नाही, पण "ते जास्त की आपण जास्त" हे बरोबर कळतं. कॅरन मॅकॉम्ब, क्रेग पॅकर आणि ॲन प्यूसी यांनी सेरेंगेटीत ध्वनिवर्धक लपवून परक्या सिंहिणींच्या गर्जना वाजवल्या. कधी एकीची, कधी तिघींची एकत्र. एकच आवाज आला तर घरच्या सिंहिणी तरातरा निघायच्या, "कोण आहे गं तिकडे?" अशा थाटात. तीन आवाज आले तर आधी थबकायच्या, एकमेकींकडे बघायच्या, लांबच्या बहिणींना हाका घालायच्या. आपण पुरेशा जणी आहोत असं वाटलं तरच पुढे.

पुढे निघाल्यावरही सगळ्या सारख्या नसतात. एखादी नेहमी पुढे, एखादी नेहमी चार पावलं मागे. पुढची मागे वळून पाहते, पण मागचीला कधी शिक्षा करत नाही.

वाघ एकटा राहतो, मग सिंहच एकत्र का राहतात?

पूर्वी सगळे म्हणायचे, शिकारीसाठी. उत्तर सोपं होतं, पण पुरेसं नव्हतं. एकटी सिंहीणही शिकार करू शकते, आणि गटात मिळालेलं मांस पुन्हा सगळ्यांत वाटावं लागतं. सेरेंगेटीत 1966 साली जॉर्ज शॅलर यांनी सिंहांचा अभ्यास सुरू केला, तो पुढे कित्येक दशकं चालला. त्यातून अभ्यासकांना वेगळंच दिसलं. मोठी कारणं दोन: पिल्लांचं रक्षण आणि जागेचं रक्षण.

उघड्या माळावर सगळ्या जागा सारख्या नसतात. जिथे दोन ओढे मिळतात तिथे पाणी असतं, सावली असते, लपायला झुडपं असतात, आणि पाण्यावर येणारी सावजंही असतात. अशी जागा मोजकीच. ती एकटीला राखता येणार नाही, चार बहिणींना येते. सिंहाची गर्जना लांब जाते, मोठी शिकार लांबून दिसते, म्हणजे शेजाऱ्यांना सगळं कळतं. तिथे एकटं राहून भागत नाही. वाघाचं रान दाट असतं. तिथे त्याला लपून, एकट्याने पोट भरता येतं.

सिंह आपसात भांडतात का?

घरातल्या घरात जेवणावरून रोज भांडतात आणि जेवण झालं की एकमेकांची तोंडं चाटतात. जीभ इतकी खरखरीत असते की केसांतली माती आणि रक्त दोन्ही निघतं. शेजारच्या कळपाशी होणारं भांडण मात्र खरंखुरं असतं. त्यात जखमा होतात, जीवही जातो.

छावा मोठा झाला की घर का सोडतो?

लेकी राहतात, लेक जातात. नर छावा दोन-तीन वर्षांचा झाला, आयाळ दिसायला लागली की त्याला घरात जागा उरत नाही. मोठे नर त्याला हाकलतात किंवा तो आपणच निघतो. सुदैवाने तो बहुधा एकटा नसतो. पाळणाघरात एकत्र वाढलेले भाऊ, मावसभाऊ बरोबर निघतात. काही वर्षं ते भटकत राहतात, मिळेल ते खातात, कुणाच्या मुलखात सापडले तर पळ काढतात. वाटेत एखादा परका एकटा सिंह भेटला तर त्यालाही कधी कधी जोडीला घेतात. पुढे अंगात बळ आलं की दुसरा कळप गाठून तिथल्या नरांना आव्हान देतात. चार भावांची टोळी एकट्यापेक्षा किती वरचढ ठरते हे वेगळं सांगायला नको. शिवाय लेक दूर गेल्यामुळे त्याची पिल्लं जवळच्या नात्यातली होत नाहीत.

नवे सिंह आले तर छाव्यांचं काय होतं?

सिंहांच्या आयुष्यातला हा सगळ्यात कठीण भाग आहे, आणि तो खोटं बोलून गोड करण्यात अर्थ नाही. जुने नर हरले तर ते निघून जातात. नव्या नरांना आधीची पिल्लं आपली वाटत नाहीत. लहान छाव्यांना ते मारून टाकतात. कारण पिल्लू अंगावर असेपर्यंत सिंहिणीला नवी पिल्लं होत नाहीत. आया गप्प बसत नाहीत. त्या एकजुटीने अंगावर धावून जातात, छाव्यांना घेऊन दूर पळतात. जितक्या जास्त आया एकत्र, तितकी छावे वाचण्याची आशा जास्त. पाळणाघराचं खरं मोल इथे कळतं.

आजी सिंहीण काय करते?

रानात सिंहीण पंधरा-सोळा वर्षं जगू शकते. नर बहुधा त्याआधीच जातो. दात झिजले, पळणं मंदावलं तरी आजी कळपातच असते आणि लेकींनी केलेल्या शिकारीवर जेवते. जेवणाच्या घोळक्यात तिला घुसावं लागतंच. म्हातारी म्हणून कुणी ताट वाढून देत नाही.

सिंह किती झोपतो?

दिवसाचे सोळा ते वीस तास. एकमेकांवर पाय टाकून, पोट वर करून, कसेही.

गीरचे सिंह पण असेच राहतात का?

थोडे वेगळे. आफ्रिकेबाहेर रानात सिंह उरले आहेत ते फक्त गुजरातमधल्या गीर आणि आसपासच्या भागात. एकेकाळी ते अगदी मोजके राहिले होते. 2020 च्या गणनेत 674 होते, 2025 मध्ये 891 झाले.

गीरच्या सिंहिणींचे गट लहान असतात, बहुधा दोन-तीन मोठ्या माद्या आणि त्यांचे छावे. नर त्यांच्याबरोबर राहत नाहीत. ते दोघं-तिघं मिळून आपापले वेगळे हिंडतात आणि जोडीच्या काळात किंवा मोठी शिकार झाली तरच माद्यांना भेटतात. अभ्यासक याचं एक कारण सांगतात ते असं: गीरमध्ये मुख्य शिकार चितळाची. चितळ काही झेब्र्याएवढं नाही. एका चितळात दहा जणांचं पोट कसं भरणार?

दिसण्यातही फरक आहे. गीरच्या नराची आयाळ डोक्यावर विरळ असते, त्यामुळे त्याचे कान दिसतात. आणि पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते. पुढच्या वेळी फोटो पाहाल तेव्हा आधी कान शोधा.

छावा घरी पाळता येतो का?

नाही. त्याला मावश्या लागतात. त्या कुठून आणणार?

सगळे सिंह सारखेच दिसतात, मग अभ्यास करणारे त्यांना ओळखतात कसे?

मिशांवरून! सिंहाच्या गालावर मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. सगळ्यात वरच्या रांगेत एखाद-दोनच ठिपके असतात, आणि ते खालच्या रांगेतल्या कुठल्या ठिपक्यांच्या डोक्यावर येतात हे प्रत्येक सिंहाचं वेगळं. डाव्या गालाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. लहानपणी असतात तेच ठिपके म्हातारपणापर्यंत राहतात. अभ्यासक गाडीत बसून, दुर्बीण लावून, वहीत आधी दोन्ही गाल काढून घेतात. पुढे आयाळ वाढो, कान फाटो, शेपटीचा गोंडा तुटो, वही उघडली की कळतं: हा तोच, आईच्या शेपटीवर उड्या मारणारा.